मानेतल्या सुया

सूर्यमाळच्या कुठल्याही पाड्यावर विचारा, पांड्या कुठं राहतो, तर लोक म्हणतील, "तो डोकंदुखीवाला ना? जपून जा, अंगावर येईल." येतोच मी अंगावर. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस ज्याच्या कानशिलात कुणी पहार घालून फिरवतंय, त्यानं काय गोड बोलत बसायचं? पोरं डब्यावर काठी बडवायला लागली की मी ओरडतो. कोंबडा भर दुपारी आरवला तर त्याच्यावरही ओरडतो. एकदा तर ग्रामसेवकावर ओरडलो, आणि तो बिचारा नुसता राम राम घालत होता.

गंगीवर मात्र नाही. गंगी माझी बायको. दुखायला लागलं की मी डोक्यावर फडकं टाकून अंधारात पडतो, मग बाहेरच्या जगाचं सगळं तीच बघते. रेशन कधी येणार, टँकर आला की नाही, मजुरीचं काम कुठं निघालंय, कोण काय बोललं, सगळं ती ऐकून यायची आणि मला सांगायची. ती सांगेल ते खरं. दुसऱ्या कुणाचं मी दोनदा विचारून घेतो, गंगीचं कधी विचारलं नाही.

उपाय सगळे झाले. भगतानं उतारा केला. तापलेल्या विळ्यानं कपाळावर डाग दिला, त्याची खूण अजून आहे. गोळ्या तर इतक्या खाल्ल्या की पोटात आग पडली. शेवटी मोखाड्याच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "नाशिकला जा. तिथं एका दवाखान्यात या दुखण्यावर सुया देतात, गरिबाला फुकट." मी म्हटलं, बोहाडा झाल्याशिवाय मी कुठंही जाणार नाही.

आता बोहाडा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. फाल्गुनात आमच्याकडं देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. लाकडी मुखवटे, डोक्याला फडकं गुंडाळून वर दोरीनं आवळून बांधायचे, आणि संबळाच्या तालावर नाचायचं. कुठल्या घराकडं कुठलं सोंग, हे आज्या-पणज्यापासून ठरलेलं. आमच्या घराकडं जगदंबा. ती सगळ्यांच्या शेवटी निघते, उजाडता उजाडता, महिषासुराला मारते आणि मग बोहाडा संपतो. तोवर पाड्यावरचं कुणी घरी जात नाही. माझ्या आज्यानं ती नाचवली, बापानं नाचवली, मग मी. मुखवटा जड आहे, त्यात वरचा मुकुट. पण खरं सांगतो, एकदा तो डोक्यावर चढला की माझं डोकं दुखायचं थांबायचं. वर्षातला तेवढाच वेळ माझा. एरवी ज्याला पोरं घाबरून पळतात, त्याच्या पायाशी म्हाताऱ्या बाया लेकरं आणून घालायच्या. कुणाला सांगायची लाज वाटते, पण मी वर्षभर जगायचो ते त्या पहाटेसाठी.

बोहाड्यानंतर मात्र जे दुखायचं ते विचारू नका. मागच्या वर्षी तर मी घरातल्या खांबावर डोकं आपटत होतो. गंगीला म्हटलं, "कुऱ्हाड आण आणि फोड एकदाचं." तिनं मला धरलं, कपाळाचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "हे त्या सोंगानंच दुखतंय. सोड ते." मी तिला म्हटलं, "पुन्हा हे तोंडातून काढू नकोस." तिनं काढलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

यंदा माघात दुखणं इतकं वाढलं की मला पाणीही पचेना. गंगी म्हणाली, "नाशिकला चल. नुसतं दाखवून येऊ. बोहाड्याला अडचण असेल तर सुया नंतर घेऊ." एवढं म्हटल्यावर मी तयार झालो. मोखाड्याहून एसटी. वळणा-वळणाला मी खिडकीतून ओकत होतो आणि कंडक्टर माझ्या नावानं शंख करत होता.

डॉक्टरीण बाई चांगली होती. तिनं समजावलं, कपाळात, कानशिलात, डोक्याच्या मागं, मानेत आणि खांद्यात बारीक बारीक सुया द्यायच्या. औषध म्हणजे मुळात विषच, पण अगदी कणभर. ते स्नायूंना सैल करतं आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचू देत नाही. असर तीन महिने, मग पुन्हा. वर म्हणाली, "शहरातल्या बायका सुरकुत्या घालवायला हेच घेतात." एवढ्या दुखण्यातही मला हसू आलं. म्हटलं, घ्या, आता म्हातारपणी पांड्या देखणा होणार.

पण त्यांच्या ट्यूबलाइटचा उजेड मला सहन होईना. मला बाजूच्या खोलीत कॉटवर पडायला सांगितलं. बाकीचं बाईनं गंगीलाच विचारलं, गंगीलाच सांगितलं. ती आत आली तसं मी फडक्याखालूनच विचारलं, "बोहाड्याचं विचारलंस?"

"विचारलं. काही अडचण नाही म्हणाली."

"सोंग किती जड असतं ते सांगितलंस?"

"सगळं सांगितलं रे बाबा. पड गप."

मग मी सुया घेतल्या. मुंग्या चावल्यासारख्या, जास्त काही नाही. परत आल्यावर पाड्यावर ज्यानं त्यानं विचारलं, अरे बोहाडा तोंडावर आणि हे काय करून आलास? मी छाती पुढं काढून सांगितलं, "गंगीनं डॉक्टरला विचारून घेतलंय. काही होत नाही."

थोड्या दिवसांनी एक गंमत झाली. माझ्या कपाळाला आठीच पडेना. रागावलो, भुवया ताणल्या, काही उपयोग नाही, कपाळ आपलं भाकरीच्या पाटासारखं सपाट. सावळा, माझा चुलतभाऊ, त्याची बकरी आमच्या वालात शिरली म्हणून मी त्याला शिव्या घालत होतो आणि तो म्हणतो, "पांड्यादा, आज खुशीत दिसतोस!" मी आणखी तापलो, तो आणखी हसला.

आणि मग एका सकाळी उठलो, तर डोकं दुखत नव्हतं. मी तसाच पडून राहिलो, हललो तर सुरू होईल म्हणून. बाहेर कोंबडा आरवला आणि मला तो आवाज आवडला. गंगीला हाक मारली आणि म्हटलं, "गेलं गं." ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडलो. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं सुखानं असे कधी रडलो नव्हतो.

मान जरा सैल वाटायची. जेवताना डोकं पुढं झुकायचं, संध्याकाळी तर हनुवटीखाली हात द्यावा लागायचा. गंगी म्हणाली, "एवढ्या वर्षांनी नीट झोप लागतेय, अंग सुस्तावलंय." मला पटलं. तिचं म्हणणं मला न पटायला काय झालं होतं?

बोहाड्याच्या आधी आमच्याकडं सोंगं माळ्यावरून खाली काढतात, धुतात, रंगवतात, आणि एका सकाळी देवळापुढं प्रत्येकानं आपापलं सोंग बांधून पाच पावलं नाचायची. त्याशिवाय बोहाड्यात उभं राहता येत नाही. सगळा पाडा बघायला येतो. माझी पाळी आली. सावळानं मुखवटा चढवला, दोरी आवळली, संबळ सुरू झाला. मी पहिलं पाऊल टाकलं आणि माझं डोकं पुढं पडलं. हनुवटी छातीला टेकली. वर करायला गेलो, होईना. मी दोन्ही हातांनी मुखवटा वर उचलला, सोडला, पुन्हा पडला. संबळ थांबला. मुखवट्याच्या आत मला फक्त माझे पाय दिसत होते.

जिवाबाबा म्हणजे आमचा देवीचा पुजारी. त्यानं देवीला तांदूळ लावून कौल घेतला. डावा पडला, म्हणजे नाही. पुन्हा लावला, पुन्हा डावा. तो म्हणाला, "पांड्या, देवी तुझ्या डोक्यावर बसत नाही. का बसत नाही ते तुझं तुला ठाऊक." बायांनी लेकरं जवळ ओढली. मी दोरी सोडली आणि माझ्या हातानं मुखवटा सावळाच्या हातात दिला. सावळा रडकुंडीला आला होता, म्हणत होता, "दादा, मला नको." घ्यावा लागला त्याला.

आता माझं ऐका. माणसाला कुणी चोर म्हणालं तर तो भांडतो. पण देवीच नको म्हणाली तर भांडायचं कुणाशी? मी आपलं चुकलं कुठं ते शोधत बसलो. कधीतरी नवसाला लहान कोंबडा दिला होता, तो आठवला. एकदा सोंगाचं फडकं न धुता ठेवलं होतं, ते आठवलं. आईच्या आजारपणात तिच्यावर ओरडलो होतो, ते तर रात्रंदिवस आठवलं. मी उपास धरला. रोज सकाळी अनवाणी देवळात जायचो आणि दगडावर पालथा पडून म्हणायचो, "आई, माझं काय चुकलं ते तरी सांग." माझी मान उचलत नसायची, उठताना गंगी मला धरायची. ती रोज माझ्याबरोबर यायची. दिवा तीच धरायची. एक दिवस तिनं माझ्यासाठी नारळही फोडला.

बोहाड्याला आम्ही दोघं घरीच राहिलो. उजाडताना देवीचा संबळ वाजायला लागला. मी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकला. मी पोरासारखा हुंदके देत होतो. गंगी माझ्या मानेला तेल चोळत बसली होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "देवी गेली तर गेली. तू आहेस ना." ती तेल चोळत राहिली.

तीन महिने झाले तशी दुसऱ्या सुयांची तारीख आली. तोवर माझी मान पुष्कळ सुधारली होती. बाई माझं डोकं इकडंतिकडं वळवून बघत होती. "दुखणं कमी आहे ना? छान. मानेला काही त्रास?"

मी म्हटलं, "मान तर बाई धरतच नव्हती. पण ते वेगळं. ते आमच्या देवीचं आहे."

"देवीचं कसलं? होतं काही जणांना. तुमची मान बारीक आहे. म्हणून तर मी ताईंना सांगितलं होतं की महिना-दीड महिना डोक्यावर जड काही घेऊ देऊ नका." मग तिनं कागद बघितला. "मी विचारलंही होतं, हे डोक्यावर काही उचलतात का. ताई नाही म्हणाल्या."

मी गंगीकडं बघितलं. ती भिंतीवर टांगलेलं मेंदूचं चित्र बघत होती.

मी बाईला सोंगाचं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ऐकून बाईनं कपाळावर हात मारला. "अहो, मग मला तेव्हाच सांगायचं! सण झाल्यावर सुया दिल्या असत्या. चार-सहा आठवड्यांनी काय बिघडणार होतं?"

मी खुर्चीतून उठलो आणि सुया न घेता बाहेर आलो. गंगी मागून धावत आली. स्टँडवर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो.

"तू विचारलंच नव्हतंस," मी म्हटलं.

"नाही."

"तुला माहीत होतं मान धरणार नाही."

"धरणार नाही असं ती म्हणाली नव्हती. धरेल न धरेल, असं म्हणाली." मग म्हणाली, "धरू नये असं मला वाटत होतं."

"का गं? मी काय वाईट केलं होतं तुझं?"

"खांबावर डोकं आपटत होतास तेव्हा तुझी देवी कुठं होती? तिला तू एका पहाटेपुरता. बाकी वर्षभर तो खांब, ते रक्त, ते ओकणं, ते माझ्याकडं. मीही डोक्यावर हंडे वाहते, पांड्या. ओझं उतरलं की कसं वाटतं ते मला कळतं. तुझं मला एकदाचं उतरवायचं होतं."

"मग तसं सांगायचं मला."

"सांगितलं असतं तर सुया घेतल्या असत्यास?"

"नसत्या घेतल्या."

"मग?"

"आणि बाई काय म्हणाली ते ऐकलंस ना? सण झाल्यावर दिल्या असत्या. दोन्ही झालं असतं गं. नुसतं विचारायचं होतं."

आता तिचा चेहरा उतरला. तेवढं तिलाही नवीन होतं. "ते मला कुठं माहीत?" ती म्हणाली. "मला वाटलं, या दोन्हीतलं एकच मिळणार."

मला इतका राग आला होता की दात आवळले जात होते. पण कपाळ माझं अजून पुरतं सुटलं नव्हतं, आठी पडत नव्हती. समोर भेळ खात बसलेल्या बाईला वाटलं असेल, नवराबायको निवांत बाजाराचं बोलतायत. मी हळूच म्हटलं, "सुयांचं मी विसरलो असतो. माझ्या काळजीनं केलंस, ठीक आहे. पण मी देवीपुढं पालथा पडून विचारत होतो, माझं काय चुकलं, आणि तू शेजारी दिवा धरून उभी होतीस. रोज. नारळ फोडलास तू. तेव्हा का नाही बोललीस?"

"रोज ठरवायचे, आज बोलते."

"मग?"

"तू म्हणालास ना, देवी गेली तर गेली, तू आहेस. त्याच्यापुढं मला तोंड उघडता आलं नाही." ती रडत होती आणि मला तिची कीव येत नव्हती. मला त्याची भीती वाटली.

पावसाळ्यात डोकं पुन्हा सुरू झालं. नाचणीची लावणी चालली होती आणि मी झोपडीत फडकं टाकून पडलो होतो. जरा बरं वाटलं तसा जिवाबाबाकडं गेलो. चार जाणती माणसं बसलेली होती, सावळाही होता. मी सांगितलं, देवी रुसली नव्हती, ते सुयांनी झालं होतं. पुढल्या फाल्गुनात माझी मान घट्ट असेल, मला माझं सोंग परत द्या. सावळा लगेच म्हणाला, "घे दादा, आजच घे."

पण जिवाबाबानं हात वर केला. "थांब. तू तर तेव्हा सगळ्यांना सांगत होतास, गंगीनं डॉक्टरला विचारून घेतलंय. मग? विचारलं होतं की नाही?"

गंगी दाराबाहेर बायांमध्ये उभी होती. एका शब्दाचं काम होतं. विचारलं नव्हतं म्हटलं असतं तर सोंग मला त्याच दिवशी मिळालं असतं. आणि गंगीला विहिरीवर कुणी हंडा लावू दिला नसता. देवीच्या आड आलेली बाई म्हणून पाड्यावरची पोरं-सुना तिच्या हातचं पाणी प्यायली नसती. मी आमचा पाडा ओळखतो.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "तिनं मला सांगितलं होतं की मान धरणार नाही. मीच ऐकलं नाही. दुखणं सहन होत नव्हतं म्हणून माहीत असून घेतल्या सुया."

जिवाबाबा मग म्हणाला, "म्हणजे देवीनं तुला नाही सोडलं. तू तिला सोडलंस. सोंग आता सावळाच्या घराकडं." सावळा काहीतरी बोलायला गेला, त्याला गप्प बसवलं. माझ्या आज्यापासूनचं जे होतं ते तिथं संपलं.

घरी येऊन गंगीनं भाकरी वाढली. पानाजवळ बसून म्हणाली, "कशाला घेतलंस अंगावर?" मी भाकरी मोडली आणि खायला लागलो. तिला वाटलं, मी तिला माफ केलं. खरं सांगू, त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

मग नाशिकला जायचं ठरवलं. आता सोंग नाही, बोहाडा नाही, निदान डोकं तरी थांबावं. मी गंगीला चल म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. ती आपली नेहमीसारखी भाकऱ्या बांधून, पाण्याची बाटली घेऊन गाडीत माझ्या शेजारी बसली. घाटात मी ओकलो तेव्हा तिनं पाठ चोळली. दवाखान्यात आम्ही बाकावर एकमेकांना लागून बसलो. उजेड डोळ्यांत घुसत होता, तर तिनं तिचा पदर माझ्या डोळ्यांवर धरला.

नर्सनं नाव पुकारलं. मी उठलो. ती म्हणाली, "सोबत कोण आहे? त्यांनाही आत आणा, म्हणजे बाई सगळं त्यांना नीट समजावून सांगतील."

गंगी पिशवी उचलून उभी राहिली होती.

"सोबत कुणी नाही," मी म्हटलं. "मी एकटाच आलोय."